इलठाणपाड्यापुढचं शून्य

मंगळवारच्या तक्त्यात
इलठाणपाड्यापुढे शून्य.
साहेब म्हणाले, वा, दिघा सुधारलं!

मी शेजारचा रकाना पाहिला: तपासलेले नमुने.
तिथंही शून्य.
किट संपून नऊ दिवस झाले होते.

नेरुळपुढे मात्र एकवीस.
तिथं प्रत्येक सोसायटीखाली लॅब,
शिंक आली तरी रक्त देतात माणसं.
त्यात दमयंती गायकर, वय ३४
आणि दमयंति गाईकर, वय ४३.
मोबाइल नंबर एकच.
फोन केला.
"एकच हो मी, चौतिसाची.
दोनदा टोचलं, दोनदा पैसे घेतले.
बरी आहे आता. तुम्ही कोण?"

मी कोण?
बेलापूरच्या तिसऱ्या मजल्यावर
मी एकविसाचे वीस केले.
त्यातल्या एकाचा डेंगी चार महिने जुना वाटला;
रक्त झालेलं भांडण लवकर विसरत नाही.
त्याच्यापुढे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह.

मग ऐरोलीकडे किट मागितलं,
वाटीभर साखर मागावी तसं, उसनं.
रिक्षा वर चढेना म्हणून
आशाताई फुलवंती तुरे चालत उतरल्या,
डब्यात बर्फ, बर्फात अकरा नळ्या,
रुमालानं झाकलेल्या.

बुधवारी दुपारी:
अकरांत सात.

साहेबांनी विचारलं, साथ एकदम कशी आली?
आली नाही, सर. होती.

सात लिहिले.
मागच्या नऊ दिवसांची शून्यं खोडली
आणि त्या जागी काय लिहायचं
ते कळेना म्हणून
चहा गार होईपर्यंत
रकाना तसाच उघडा ठेवला.