धुवण

पहिले तीन दिवस ते ब्लीचमध्ये पडून असतं.
वरचं शेवाळ जातं, कुणाचं बोट लागलं असेल तेही.
मग अकीकाच्या खलात कुटायचं,
मैदा नाही, दातांखाली कचकचेल इतपत.
दहा ग्रॅम प्रवाळ. मालवणकडचं, मेलेलं,
वनखात्याच्या तीन सह्यांनी इथवर आलेलं.

कोल्हापूरला समुद्र नाही.
सागरमाळ आहे, तिथं नुसता वारा.

बर्फात चंचुपात्र ठेवून आम्ल सोडते, थेंब थेंब.
घाई केली की तापतं,
आणि जे हवं असतं तेच आधी तुटतं.
दगड फसफसतो, गोटी सोडा फोडल्यासारखा,
तासभर, दोन तास,
मग गप्प.
तळाशी तपकिरी साका, सायीइतका पातळ:
ज्या जिवांनी हा चुना रचला
त्यांनी रचता रचता आत ठेवलेलं काहीतरी.

त्या दुपारी अब्बा डबा घेऊन आले.
गुजरीतली चाळीस वर्षं त्यांच्या नखांत.
सराफांच्या पायांखालचा केर विकत घ्यायचा,
जाळायचा, घमेल्यात घोळायचा,
पोतंभर मातीतून गव्हाएवढं सोनं.
बराच वेळ बघत राहिले.
"उलटंच करतीस की गं.
आम्ही घाण जाळून खडा ठेवतो,
तू खडा इरघळवून घाण ठेवतीस."

किती निघालं?
अकरा मिलिग्रॅम.
भाव काय?
भाव नाही, अब्बा.
हे त्यांना पटलं नाही.

वरचं पाणी मी बेसिनकडं नेलं,
कृतीच्या कागदावर तसंच होतं: टाकून द्या.
त्यांनी माझं मनगट धरलं.
असं एकदाच धरलं होतं, रंकाळ्याच्या पायरीवर
मी घसरले तेव्हा.
"धुवण कधी टाकत्यात व्हय?"

ते पाणी सेलोफेनच्या पिशवीत चार दिवस राहिलं,
मीठ बाहेर झिरपलं, उरलेलं गोठवून सुकवलं.
आणखी सात मिलिग्रॅम, पिंजल्या कापसासारखे.
सरांनी विचारलं, ही पायरी कुठल्या संदर्भातली?
वहीत लिहिलं: इ. झारेकरी, तोंडी माहिती.

जाताना त्यांनी काट्याच्या ताटलीवर
सहज बोट टेकवलं होतं.
उचललं, तरी आकडा शून्यावर आला नाही.
चौथ्या दशांशात दोन.
गुजरीची धूळ असेल.
पुसायला ब्रश हातात घेतला होता मी,
मग डबा उघडला.