कामाचे स्वरूप

कमवा आणि शिका. अर्ज दोन प्रतींत,
उत्पन्नाचा दाखला तहसीलचा, चालू वर्षाचा.
दिवसाला तीन तास, वर एक मिनिट नाही.
नियम नऊ: कामाच्या वेळेत अभ्यास करू नये.
तिसऱ्या पानावर फुली होती, तिथं सही केली.

इर्शादला ग्रंथालय मिळालं, पंख्याखाली.
मला रोपवाटिका.

सातला नळाशी उभी राहते.
पाणी येतं सात चाळीसला,
कधी पाइप नुसताच खोकतो
आणि परभणीचं ऊन तोवर मानेवर येतं.

रजिस्टरात बोटभर रकाना.
पहिल्या दिवशी लिहिलं:
'नळाजवळ थांबले, चाळीस मिनिटं.
करंजाच्या बावीस रोपांना पाणी.
तेविसाव्याला पुरलं नाही.'

उमरीकर बाईंनी लाल शाईनं
थांबण्यावर काट मारली, तेविसाव्यावरही.
"थांबणं काम नसतंय गं बाळा.
थांबण्याचे पैसे द्यायचे म्हणलं
तर अख्ख्या मराठवाड्याला द्यावे लागतील."
त्या हसल्या. मीही हसले.
रात्री खोलीवर हिशोब केला:
महिन्याचे सतरा तास.

आता रोज एकच ओळ, झाडांना पाणी दिले.
रकान्यात बसते.
तेविसाव्याला आधी पाणी घालते, हे लिहीत नाही.

आणि सात ते सात चाळीस
नळाला टेकून सांख्यिकी वाचते, उघड उघड.
परवा बाई समोर येऊन उभ्या राहिल्या,
बोट नियम नऊवर.
म्हणलं, मॅडम, मी तर थांबलेय.