चार फुटी

खोली मोजायला टेप नव्हता, ओढणीनं मोजली.
दार उघडायला जागा सोडून
खिडकीपासून जेवढी उरली
तिथं गाठ मारली.
ती गाठ पर्समध्ये घेऊन हेसल रोडनं निघालो
मी आणि रुतेंडो, रात्रपाळी संपवून,
अंगाला अजून केअर होमच्या साबणाचा वास.

शहराचं नाव हल.
चौदा महिने झाले, मी काही हललेली नाही.

दुकानावर पाटी: दुकान बंद होत आहे, सगळं काढायचंय.
रुतेंडो म्हणाली, मी आल्यापासून बंदच होतंय हे.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, बरोबर आहे.
अंथरूणच घ्यायला निघालेल्यानं
काय पाहावं?
मी फोनमध्ये बँकेतला आकडा पाहिला.
व्हिसाची फी गेली, शिवानंदच्या तिकिटाचा हप्ता गेला,
राहिले एकशेदहा पौंड.
उशांसकट.

कीथ म्हणाला, झोपून बघा, लाजू नका.
पायथ्याला प्लास्टिक होतं, बुटांसाठी.
मी झोपले नाही. तळहात दाबून पाहिला
जसा मिसेस ऑडलेच्या माकडहाडाखाली सरकवते,
कुठं टेकतंय, कुठं रुततंय.
मला गादी कळते ती
दुसऱ्याच्या पाठीवरून.

उदगीरहून बाबा फोनवर: किती किलोची घेतेस?
किलोवर नसते बाबा. स्प्रिंगांवर. हजार स्प्रिंगा.
मग दोन वर्षांनी पिंजून कशी घेणार?
रजईलाही इथं अंक असतो, साडेदहा.
साडेदहा काय, ते कीथलाही नीट सांगता येईना.

मग त्यानं विचारलं, तुम्ही झोपता कशा?
कुशीवर, पाठीवर, की पालथ्या?
आठवेना.
बावीस माणसांची झोप मी लिहून ठेवते, वेळेसकट.
माझी कुणी पाहिलीय?

शिवानंदला लावला. तो आडतीवर,
मागं सोयाबीनची पोती काट्यावर चढत होती.
मी कशी झोपते रे?
बराच वेळ नुसती हमालांची मोजणी ऐकू आली,
सत्तावीस, अठ्ठावीस.
मग बारीक आवाजात, लोक होते जवळ,
भिंतीकडं तोंड करून. गुडघे पोटाशी.
आणि थंडी नसली तरी
एक पाय माझ्या पायावर.

कीथला सांगितलं, कुशीवर.

डबल गादी गाठीच्या पुढं एक वीत गेली.
चार फुटी बसली. कोपऱ्यात शिवण उसवलेली,
म्हणून एकोणऐंशी.
दोघांना कमी पडेल, कीथ म्हणाला.
पडू दे, मी मराठीतच म्हणाले.

घरपोच द्यायचे तीस मागितले,
तेव्हा डोक्यावर घेतली. रुतेंडो पुढं, मी मागं,
उशा दोघींच्या काखेत.
डोक्यावर ओझं कसं घ्यायचं
हे दोघींनाही कुणी नव्यानं शिकवावं लागलं नाही.
हंबरवरून वारा आला की आम्ही गादी नेत नव्हतो,
गादी आम्हाला नेत होती.
बसवाल्यानं हॉर्न दिला. रुतेंडोनं
राणीसारखा हात हलवला.

जिन्यात अडकली. वाकवली. शिवण आणखी उसवली.

दुपारी प्लास्टिक न काढताच आडवी झाले.
दोन तासांनी जाग आली, सवयीनं,
कूस बदलायची वेळ.
बदलली. माझीच.
तक्त्यात सही करायची नव्हती.
भिंतीकडं तोंड केलं आणि पाय
मागं गेला, आपला आपण.
प्लास्टिक चुरचुरलं.