चौथी सीट

सकाळी सव्वासहाला चेंबूर स्टेशनबाहेर
माहुलच्या रिक्षा लागतात.
मागे तिघं बसली की रिक्षा भरली, असं कायदा म्हणतो.
हरिनाथ म्हणतो, अजून एक.

अजून एक म्हणजे मी.
अर्धी मांडी आत, अर्धी हवेत,
डावा हात बाहेरच्या दांडीला,
उजव्या बरगडीत हरिनाथचं कोपर.
दर गिअरला म्हणतो, ताई, जरा सरका.
सरकायला जागा म्हणजे रस्ता.

मांडीवर निळा डबा. आत बर्फाच्या पिशव्या,
रिकाम्या नळ्या, लाल, जांभळ्या, करड्या बुचांच्या.
खड्ड्यांचा नकाशा मला तोंडपाठ नाही,
माकडहाडाला आहे.

आर. सी. मार्गावर कारखान्याची भिंत सुरू होते
ती संपता संपत नाही.
भिंतीमागे टाक्या, टाक्यांमागून वास.
वास वाशी नाक्याला चढतो,
तिकीट काढत नाही,
आणि सगळ्यांबरोबर शेवटच्या स्टॉपला उतरतो.

इथल्या इमारतींना नावं नाहीत, नंबर आहेत.
कुणाला पाइपलाइनवरून उचलून आणलेलं, कुणाला नाल्यावरून.
एकेचाळीस नंबर, सातवा मजला, लिफ्ट बंद.
सुदाम घाटविसावे, वय एकाहत्तर,
साखर आणि क्रिएटिनिन, उपाशी पोटी.
तेहतीस वर्षं बेस्टमध्ये कंडक्टर.
दंड असा पुढे करतात
की जणू मीच सुट्टे द्यायची राहिलेय.

पहिल्या वेळी विचारलं, कुठल्या गाडीने आलीस?
मी म्हटलं, शेअर रिक्षा.
'शेअर,' ते म्हणाले, उधारी म्हणावं तसं,
आणि मूठ अशी आवळली की शीर गेली तळाला.
दोनदा टोचावं लागलं.

पुढच्या महिन्यात मी म्हटलं,
आठशे एक्क्याण्णवने.
नाक्यावरच्या खांबावर हा आकडा अजून आहे, अर्धा पुसलेला.
खांबाखाली आता इस्त्रीवाल्याचं टेबल.

'जागा मिळाली?'
खिडकीशी.
'डाव्या की उजव्या?'
डाव्या.
'बरं केलंस. उजवीकडे ऊन येतं.'
बोलता बोलता शीर वर आली.

मग दर मंगळवारी ती बस मी थोडी थोडी पुढे नेली.
ड्रायव्हर शेळीवर ओरडला. एक बाई मासळीची पाटी घेऊन चढली,
तिला खाली उतरवा म्हणून दोघं भांडले, उतरवलं नाही.
कंडक्टरने दोन रुपये परत दिले, न मागता.
'नवा असेल,' ते म्हणाले.
नळी भरली की तोंडानेच घंटी द्यायचे. टण.
एक घंटी म्हणजे थांब.

परवा कापूस दाबून धरला होता
तेव्हा भिंतीकडे बघत म्हणाले,
त्या गाडीच्या शेवटच्या फेरीला मीच होतो.
जाताना अकरा पॅसेंजर. येताना कोणी नाही.
डेपोत वेबिल भरलं, खाली सही केली, घरी आलो.
कितीक वर्षं झाली.

माझे कान तापले.
मग इतके महिने विचारत का होतात?

त्यांनी कापूस उचलून पाहिला, रक्त थांबलं होतं.
'चांगली चालवत होतीस.'

मग, खरं कशाने येतेस ते सांग, म्हणाले.
मी चौथी सीट सांगितली. कोपर, दांडी, अर्धी मांडी.
चेकरसारखं ऐकून घेतलं सगळं.
'म्हणजे फुटबोर्ड,' म्हणाले. 'आणि भाडं पूर्ण घेतो?'
पूर्ण.
'मग आत बसव म्हणावं.'

साडेनऊला परत नाक्यावर.
डब्यात सात जणांचं रक्त, अकराच्या आत लॅबला पोचवायचं.
मागे तिघं, पुढे हरिनाथ नि मी.
डब्यातले धरले तरी
डबल डेकरचा खालचा मजला काही भरत नाही.

त्यांचा निरोप मी हरिनाथला सांगितला.
तो हसला, हँडल वळवलं, कोपर लागलं.
मी डबा छातीशी घेतला.
खांब मागे गेला, इस्त्रीवाला पाणी शिंपडत होता,
आणि मी तोंडातल्या तोंडात, कुणाला ऐकू न येईल असं,
दोनदा म्हटलं,
टण टण.