विरजण

जानोरी फाट्यावर उतरून द्राक्षबागांच्या कडेने आत आलं
की आमचं शेड.
गोठा म्हणावं तर गाई नाहीत.
वराहपालन प्रकल्प असं बँकेच्या कागदावर आहे,
तोंडाने कुणी म्हणत नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी दूध तोडलं.
अकरा पिल्लं. बारावं पहिल्याच रात्री
आईच्या अंगाखाली गेलं होतं.
तोडलं म्हणतो आपण,
आणि ती ओरडतातही तशीच.
पत्र्याच्या पलीकडे ती, अलीकडे ही,
मध्ये मी, हातात भरड्याचं घमेलं.

तिसऱ्या दिवशी हगवण.
पिवळी, पाण्यासारखी. शेपट्या ओल्या, कान गार.
गारठा असा की घडांवर बर्फ बसेल म्हणून
बागांतून शेकोट्या पेटलेल्या,
आणि आमच्या बल्बखाली
एकावर एक रचलेली अकरा अंगं.

डॉक्टर गांगुर्डे म्हणाले, या खेपेला सुई नको,
पोटात चांगले जंतू घालू.
पांढरी पुडी दिली. गार ठेवा,
गरम पाण्यात कालवू नका, मरतील.
कोण मरतील?
जिवंत असतात ते, वहिनी.

फ्रिजमध्ये जागा केली,
इडलीच्या पिठाशेजारी, सासूबाईंच्या इन्सुलिनमागे.
सासूबाई तडकल्या: डुकराचं औषध माझ्या औषधाला टेकवून?
मग चष्मा लावून पुडी हुंगली.
अगं, हे तर विरजण आहे.
झाकण घट्ट लावलं त्यांनीच.

रात्री सिंगल फेजही गेली.
पुडी ओल्या फडक्यात गुंडाळून
माठाच्या बुडाशी ठेवली,
आणि शेगडी घेऊन शेडमध्ये बसले.

पुडीवर छापलंय: एका ग्रॅममध्ये दोनशे कोटी.
मी रोज सकाळी मोजते. अकरा. दहा. नऊ.
नऊ.
आज पुन्हा नऊ, आणि लेंडी बांधलेली.
एकाने तर घमेल्यातच पाय घातले,
कोपऱ्यापर्यंत भरडा, वर माझ्याकडे बघतंय
जणू मीच आडवी आलेय.

याच आठवड्यात मी रेवाचंही तोडतेय.
कडुलिंब वाटून लावते. ती चाखते,
तोंड वाकडं करते, रुसते,
पाचव्या मिनिटाला परत येते.
आता बोटावरचं दही चाटायला लागलीय.

पलीकडे ती अजून पत्र्याला नाक लावून उभी आहे.
आचळं दगडासारखी.
तिच्यासाठी काय देतात
हे डॉक्टरांना विचारायचं राहिलं.