दोन काने, एक मात्रा

बोर्डावर यंदा संघांची नावं नाहीत.
गेल्या साली कुठली लिपी वर, कुठली खाली
यावर सेमीफायनल पाऊण तास अडली,
म्हणून आता खिळ्यांना नुसते दोन टॉवेल:
लाल म्हणजे नंदगड, पांढरा फार्मसी कॉलेज.
आकडे पत्र्याचे, इंग्रजी.
आकड्यांवरनं खानापुरात अजून कुणी भांडलेलं नाही.

मी टेबलाशी.
सव्वीस वर्षं टायपिंग इन्स्टिट्यूट चालवली,
यंत्रं भंगारात गेली, सवय राहिली:
लाल पेन पहिल्या-तिसऱ्या क्वार्टरला,
निळं दुसऱ्या-चौथ्याला,
फाऊलला बारीक उभी रेघ.
नाव एकदाच लिहायचं, आणि बरोबर.

तरी अकरा नंबरचं चुकलंच.
पहिल्या दिवशी त्यानं सांगितलं ते मी ऐकलं ‘मगेशा’,
पोरांनी त्याचं केलं ‘महेश’,
आणि आता अख्खं ग्राउंड ओरडतं,
महेशा, सोड की बॉल!
तो सोडतो. हसतो. पुन्हा मागतो.

चहाच्या गाड्यावर एकदा म्हणाला, तोडक्या हिंदीत,
आमच्याकडं मुसोमाला पण लीग असते. आठ संघ.
सरोवराच्या काठाला कोर्ट,
चषक देतो सुक्या मासळीचा व्यापारी,
आणि चषकालाही तोच वास.
कधीकधी पाण्यावरनं धूर उठतो,
धूर नव्हे, माश्या. ढगच्या ढग.
मग सगळे जिथं आहेत तिथंच थांबतात,
डोळे मिटून, तोंड मिटून.
रेफरी घड्याळ बंद करतो.
ढग गेला की त्याच जागेवरनं खेळ पुढं.
मी विचारलं, त्या वेळात कुणी एक पाऊल सरकत नाही?
तो म्हणाला, सरकतात की.
पण सगळ्यांना ठाऊक असतं कोण सरकलं.

इनास सिद्दी नंदगडचा, सात नंबर.
जंगलाकडच्या वाडीतला.
पहिल्या सामन्याला बेळगावच्या एका पंचानं
कौतुकानं विचारलं, कुठल्या देशाचा रे तू?
‘तालुका खानापूर,’ तो म्हणाला
आणि बुटाची नाडी बांधत बसला.
ती नाडी फार वेळ बांधली त्यानं.

काल फायनल.
साठ–एकोणसाठ, लाल पुढं,
दहाएक सेकंद असतील, आणि लाइट गेली.
कुणी दोन मोटारसायकली कोर्टाकडं वळवल्या,
पण त्या आधीच बॉल हातातनं सुटला होता.
अकरा नंबरच्या.
रिंगला जाळी नाही आमच्याकडं.
गेला असेल तर आवाज नाही,
नसेल तरी नाही.
बॉल खाली आपटला एवढंच ऐकलं सगळ्यांनी.

पंच माझ्याकडं बघतोय, मी पेनाकडं.
नंदगडवाले: नाही गेला.
कॉलेजवाले: गेला, गेला.
रिंगखाली एकटा इनास उभा.
‘गेला की,’ म्हणाला. ‘मी बघितलो.’

मग जे व्हायचं ते झालं.
त्याच्याच संघातला एकजण, नाव नको,
म्हणाला, बघणारच तू. तुझ्यासारखाच दिसतोय ना तो.
हेडलाइटमध्ये धूळ दिसत होती फक्त.
इनासनं बॉल उचलला,
त्या पोराच्या हातात दिला, सावकाश,
जसा कुणी दुकानात सुटे परत देतो.
‘बॉल गेला म्हणून म्हणालो,’ एवढंच.
आणि टॉवेल ओढायला गेला,
तेव्हा त्याला आठवलं, तो बोर्डावरचा टॉवेल.
तसाच हात मागं घेतला.

एकसष्ट–साठ. चौथा क्वार्टर, निळं पेन.
मोबाइलच्या उजेडात मी आकड्याला गोल केला.
सह्या झाल्या, खुर्च्या उचलल्या,
नंदगडचा टेम्पो गेला.
इनास टेम्पोत नव्हता. मागनं, कुणाच्या तरी गाडीवर.

अकरा नंबर टेबलाशी पाणी पीत थांबला होता.
मी पत्रक त्याच्यापुढं सरकवलं:
सांग परत. हळू.
एलिशा, तो म्हणाला. मा. गे. सा.
खोडलं, वर लिहिलं,
दोन काने, एक मात्रा.
त्याला वाचता येत नव्हतं,
तरी अक्षरांवर वाकून बराच वेळ बघत राहिला.
लाइट आली नव्हतीच.