समानार्थी

लॉ कॉलेज रस्त्याजवळच्या तळघरात,
गोदरेजच्या कपाटात, तिसऱ्या खणात,
कापसावर पडून आहेत तीनशे बारा.
मेमाणे त्यांना किडे म्हणतात.
किल्ली देताना रोज विचारतात,
आज किती किडे, मॅडम?

या शहराखाली त्यांच्यातला एकही नाही.
वेताळ टेकडीच्या खाणीत कितीही उतरा,
नुसती थिजलेली आग,
मधे बुडबुड्यांच्या जागी पांढरे खडे.
समुद्र बाहेरून आणावा लागला:
स्पितीहून गोणपाटात,
खेचरावर, ट्रकमध्ये, मालगाडीत,
आणि स्टेशनापासून टांग्यात,
मांडीवर घेऊन.
असं चांदोरकर सर सांगतात.

मी मोजते.
डोक्याची रुंदी, गालाचा काटा, डोळ्याची कमान.
पाठीच्या वळ्या कुणाला तेरा, कुणाला चौदा,
आणि एकशे एक्याऐंशीला
साडेतेरा म्हणाव्यात अशा:
शेवटची वळी शेपटीपासून
सुटू की नको करत राहून गेलेली,
पन्नास कोटी वर्षं.

यातले बरेचसे मेलेले नाहीतच.
कात आहे ही. अंग वाढलं,
जुनं कवच चिखलात टाकून
तो पुढे गेला,
आणि पुन्हा वाढला,
आणि पुन्हा टाकलं.
मी ज्यांना दोन म्हणून मोजलं
तो कदाचित एकच असेल, आठवड्याच्या अंतराने.

त्यात हिमालय.
खडक ओढला गेला तेव्हा
उभा पडलेला लांबट झाला,
आडवा पडलेला फुगला,
तिरपा पडलेला
वाऱ्यात उलटणाऱ्या छत्रीसारखा वाकडा.
म्हणून आधी डोंगर वजा करायचा.
मग जे उरेल ते त्याचं.

दोन वर्षं मी डोंगर वजा केला.
आलेखावर सरांच्या तीन जाती
तीन ढगांसारख्या उभ्या होत्या;
त्या सरकत सरकत
एकमेकींत गेल्या.
शिवण कुठेच सापडेना.

मेमाण्यांनी चहा ठेवला, पडद्याकडे पाहिलं.
म्हणजे तीन जाती नव्हत्याच?
नाही. एकच. नुसती माणसागणिक माणसं वेगळी.
ते हसले, खण लावला.
बरं झालं, म्हणाले,
दगडात तरी.

सरांना सांगायचं राहिलं होतं.
तिसऱ्या जातीचं नाव कुमुदी.
कुमुदताईंनी त्या सगळ्यांची चित्रं काढली होती
शाईच्या ठिपक्यांनी,
स्टोव्हवर भात असताना, सर सांगतात,
आणि करपलेल्या भाताची तक्रार कुणी केली नाही.
त्या गेल्याला अकरा वर्षं झाली.

स्कूटर नळस्टॉपला बंद पडली.
मी ढकलत नेली, मला घाई नव्हतीच.

त्यांनी आलेख खिडकीशी नेला.
ताण वजा केलास?
केला.
दोन्ही दिशांनी?
दोन्ही.
बराच वेळ भिंगातून पाहत राहिले,
आलेखाकडे नाही, एकशे एक्याऐंशीकडे,
मी रुमालात आणलेल्या.
हा मोज्यात घालून आणला होता, म्हणाले,
एक पाय गारठला.

तिन्ही नावं एकाच दिवशी, एकाच लेखात छापलेली.
अशा वेळी नियम सोपा आहे:
जो पहिल्यांदा एकत्र करतो, तो निवडतो.
मी म्हणाले, सर, मी कुमुदी ठेवू शकते.
कायदेशीर आहे.

छे, म्हणाले. कुमुदीचा मूळ नमुना हा,
अर्ध्या वळीचा, तिरपा.
पहिलीचा बघ, कसा स्वच्छ आहे.
तिला वशिला आवडायचा नाही.
मग थोड्या वेळाने, चष्मा पुसत,
खाली यादी असते ना,
बारीक टाइपात?

असते, सर. कायमची.

रात्री मी ती यादी लिहिली.
वर निवडलेलं नाव, ठळक.
त्याखाली, दोन जागा सोडून,
तिरप्या अक्षरांत कुमुदी,
वर्ष, पान क्रमांक.
आणि चित्रं कुणाची ते,
जे नियमात लिहायला सांगितलेलं नाही.